थकव्याची साक्ष

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात कापूस वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, गाठोडी टांगली जातात आणि आकडा वहीत चढतो. सकाळी शेजारशेजारच्या तासांत कामाला लागलेल्या दोन बायांपैकी एकीचा आकडा कमी भरला, की त्याचं कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ती बसते फार, तिचं कामात ध्यान नाही, ती आळशी आहे. तीही वाद घालत नाही. ‘आंगात जीवच नाही राह्यला’ एवढं म्हणते आणि पैसे पदराला बांधून घराकडे चालू लागते. तिचं हे वाक्य सबब म्हणून ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. ते साक्ष म्हणून ऐकावं, तपासावं आणि त्यावर निकाल द्यावा, असं मला वाटतं. शरीरशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत थकव्याबद्दल जे शोधून काढलं, ते सगळं तिच्या बाजूचं आहे.

थकवा म्हणजे अंगातली शक्ती संपणं, अशी आपली पक्की समजूत असते. घागर रिती झाली की पाणी येत नाही, तसं काहीसं. समजूत साधी आहे, पण चुकीची आहे. स्नायूची पेशी ज्या रसायनावर चालते ते एटीपी. माणूस कितीही दमलेला असो, त्याच्या स्नायूत हे एटीपी बऱ्यापैकी शिल्लक सापडतं. ते खरोखर संपलं तर स्नायू सैल पडणार नाही, ताठ होईल. मेल्यावर शरीर ताठरतं ते याच कारणाने. म्हणजे बांधावर टेकलेल्या माणसाची शक्ती संपलेली नसते. ती संपण्याच्या बऱ्याच आधी कुणीतरी काम थांबवलेलं असतं.

हे कोण करतं, याचं उत्तर शोधताना विज्ञानाने बराच काळ एका निरपराध पदार्थाला धरून ठेवलं. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मेयरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२चं नोबेल मिळालं आणि त्या काळापासून लॅक्टिक आम्ल हा थकव्याचा खलनायक ठरला. आजही व्यायामशाळेत आणि शाळेच्या मैदानावर मुलांना सांगितलं जातं, की अंग ठणकतं ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे. प्रत्यक्षात काम थांबवल्यावर तासाभरात ते रक्तातून जवळपास निघून जातं. शिवाय ते कचरा नव्हे, इंधन आहे; हृदय ते आनंदाने जाळतं. खंड पडल्यावर पहिल्यांदा निंदणाला गेलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठता-बसता येत नाही, ते स्नायूच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरांमुळे आणि त्या भरून काढणाऱ्या दाहामुळे. काम चालू असताना स्नायू खरोखर मंदावतो त्याची कारणं वेगळी आहेत. आकुंचनाच्या प्रत्येक फेरीत फॉस्फेट साठत जातं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. आकुंचनाचा इशारा देणारं कॅल्शियम कमी कमी सुटू लागतं. काम तासन्‌तास चाललं तर स्नायूत आणि यकृतात साठवलेली साखर उतरणीला लागते. हा थकव्याचा देहातला भाग. तो खरा आहे, पण अर्धाच.

उरलेला अर्धा भाग इटलीतल्या तुरिनच्या आंजेलो मोसो यांनी पहिल्यांदा मोजून दाखवला. मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि बोट किती वेळा किती उंच उचललं जातं याची रेघ उमटवणारं एक यंत्र त्यांनी बनवलं. थकव्यावरचं त्यांचं पुस्तक १८९१ साली आलं. त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. मोसोंचे सहकारी डॉ. माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. त्या कामात बोटाला काहीच श्रम नव्हते. तरीही परीक्षा संपवून यंत्रावर बसल्यावर त्यांचं बोट एरवीपेक्षा फार लवकर थकलं. दमलं होतं डोकं, आणि रेघ खाली आली ती बोटाची.

शंभराहून अधिक वर्षांनी, २००९ साली, सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट सायकलवर तपासली. काही लोकांना दीड तास संगणकावर डोक्याला ताण देणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल मारायला लावली. दुसऱ्या खेपेला त्याच लोकांनी दीड तास नुसते माहितीपट पाहिले आणि मग सायकल मारली. डोकं शिणलेलं असताना ते सुमारे १५ टक्के आधी थांबले. हृदयाचे ठोके, प्राणवायू, लॅक्टेट यांत या फरकाचा खुलासा करील असं काही सापडलं नाही. फरक एकच होता. डोकं शिणलेल्या दिवशी तेच काम त्यांना पहिल्या मिनिटापासून जड वाटत होतं. याच्या उलट बाजूचा प्रयोग २००४चा आहे. तासभराच्या सायकल शर्यतीत खेळाडूंनी पिष्टमय पदार्थाचं पाणी फक्त तोंडात घोळवून थुंकलं. पोटात एक कणही गेला नाही, तरी वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. अन्न येतंय अशी खबर जिभेने मेंदूला दिली, आणि मेंदूने हात सैल सोडला.

केपटाउनचे टिम नोक्स म्हणत आले, की मेंदू शरीराचा कारभारी आहे. धोक्याची रेषा यायच्या बरंच आधी तो काम कमी करवतो आणि त्यासाठी जी भावना वापरतो तिचं नाव थकवा. त्यांच्या मांडणीचे सगळे तपशील सर्वांना मान्य नाहीत. मार्कोरा स्वतः तिच्याशी भांडले आहेत. पण दोघांच्याही भांडणातून एक गोष्ट शाबूत राहते. थकवा ही मेंदूने काढलेली एक बेरीज आहे. स्नायूतून येणाऱ्या खबरा, अंगाचं तापमान, रक्तातली साखर, झोपेची बाकी, अजून किती वाट उरली आहे, आणि हे सगळं कशासाठी करायचं आहे, असं सारं त्या बेरजेत असतं. शेवटची रक्कम मांडल्याशिवाय उत्तर येत नाही.

ही शेवटची रक्कम किती मोठी असू शकते हे विदर्भाने पाहिलं आहे. बुलडाण्याच्या लता करे साठी ओलांडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून त्या बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट झाला. पांढुर्ण्यातही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव दोन काठांवर उभे राहतात. दिवसभर उन्हात दगड फेकणाऱ्या माणसाला त्या गर्दीत थकवा कळत नाही. तो कळतो रात्री घरी आल्यावर. दोन्ही ठिकाणी स्नायू तेच असतात. बदलतो तो मेंदूचा हिशेब.

इथे एका घाईच्या निष्कर्षापासून सावध राहिलं पाहिजे. थकवा डोक्यातून येतो म्हणजे तो मनाचा खेळ आहे, जिद्द असली की तो पळतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी टॉम सिम्पसनची गोष्ट लक्षात ठेवावी. हा इंग्रज सायकलपटू १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधल्या माँ व्हाँतूच्या चढणीवर, कडक उन्हात, शर्यतीत कोसळला आणि मेला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडलं. ते औषध शक्ती वाढवत नाही, थकव्याचा आवाज बंद करतं. लता करेंच्या धावण्याला मी सलाम करतो. पण एका म्हातारीला औषधपाण्यासाठी अनवाणी धावावं लागतं, ही आपल्या गावांच्या आरोग्यव्यवस्थेविरुद्धची नोंद आहे, हेही त्याच दमात म्हणायला हवं. दमलेल्या माणसाला जिद्दीचे धडे देणाऱ्यांना त्याच्या अंगातला धोका दिसत नाही. मेंदूला तो दिसत असतो.

उन्हाचंच बघा. श्रमात जळणाऱ्या ऊर्जेतली जेमतेम पाव कामाला लागते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायची तर रक्त कातडीकडे वळवावं लागतं आणि घाम गाळावा लागतो. जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. मग स्नायूला रक्त कमी पडतं आणि हृदय धावाधाव करतं. कोपनहेगनमध्ये १९९९ साली ४० अंशांच्या खोलीत सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. कुणाला आधी थंड पाण्यात बसवून अंग गार केलं होतं, कुणाला गरम पाण्यात. सुरुवात वेगवेगळ्या तापमानांवर झाली, पण थांबले सगळे जवळपास एकाच ठिकाणी, शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या किंचित वर गेल्यावर. ज्यांना गरम करून बसवलं होतं ते तिथे आधी पोचले, एवढंच. मेंदूने तिथे रेघ मारली आहे आणि ती मारायला त्याच्याकडे सबळ कारण आहे. त्यापलीकडे उष्माघात सुरू होतो. मे महिन्यात दुपारी एक वाजता रुळांच्या कडेला खडीवर उभ्या असलेल्या, किंवा वखरामागे चालणाऱ्या माणसाला ‘आता नाही होत’ असं वाटतं, तेव्हा त्याचं शरीर त्या रेघेकडे बोट दाखवत असतं. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कामाला लागणं तर फारच वाईट. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पण आपल्या भागातल्या थकव्याचं सगळ्यात मोठं कारण उन्हात नाही. ते रक्तात आहे.

प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन बाईच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. मध्य प्रदेश घ्या की महाराष्ट्र, सीमेच्या दोन्ही बाजूंना निम्म्याहून अधिक बाया या आकड्यात मोडतात. म्हणजे कापसाच्या तासांत वाकलेल्या दहा जणींपैकी पाच-सहा जणी कमी प्राणवायूवर काम करत असतात. चढण आली की त्यांच्या छातीत धडधडतं, दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी येते, पायऱ्या चढताना दम लागतो. त्यांचं हृदय तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके मारतं, आणि तेच ठोके मेंदूला सांगतात की काम जड आहे. ती खबर खरीच असते.

लोह नुसतं रक्तात लागतं असंही नाही. स्नायूच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला ते लागतं, मेंदूत उत्साहाशी संबंध असलेलं डोपामिन बनायलाही लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन बारावर टिकून असलं तरी साठ्यातलं लोह आटलेल्या बायका थकतात, आणि लोह दिल्यावर त्यांचा थकवा कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. आळसाचा प्रश्न तर १९७९ सालीच निकालात निघायला हवा होता. इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यात चीक गोळा करणाऱ्या मजुरांत रक्तक्षय असलेल्यांचं काम इतरांपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी भरत होतं. त्यांना साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांचं काम वाढलं. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात बायकांना लोह दिलं, तर त्यांनी खुडलेल्या पानांचं वजन वाढलं. कुणी त्यांना शिस्त लावली नव्हती, जिद्दीवर भाषण दिलं नव्हतं. संध्याकाळी काट्यावर जो आकडा माणसाचा स्वभाव म्हणून वाचला जातो, तो पुष्कळदा तिच्या रक्ताचा अहवाल असतो.

यात आपल्याकडे आणखी एक पदर आहे. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. अशा घरातलं लेकरू वर्गात मान टाकून बसतं, मैदानावर मागे राहतं, आणि मास्तर त्याला ढिला म्हणतात. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. शाळेतलं प्रत्येक ‘आळशी’ पोर आधी या तपासणीतून गेलं पाहिजे, मग त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहावा.

चहाबद्दलही इथेच सांगतो, कारण थकव्यावर आपला पहिला उपाय तोच असतो. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. साठलेलं अ‍ॅडेनोसिन तसंच राहतं, फक्त त्याची हाक मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला काळा चहा जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचं शोषण अर्ध्याहून अधिक घटवतो. उलट संत्र्यातलं क जीवनसत्त्व तेच शोषण वाढवतं. संत्र्याच्या मुलखातल्या बाईने भाकरी-भाजीनंतर चहाऐवजी एक संत्रं खावं, चहा तास-दीड तासाने घ्यावा. बगीच्यात बारीक म्हणून बाजूला काढलेलं फळसुद्धा या कामाला पुरतं.

आता झोपेकडे येतो, आणि त्यासाठी तिगावच्या स्टेशनावर थांबतो. नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पांढुर्णा आणि तिगाव सोडून चिचोंड्याकडे निघाली की सातपुड्याचा घाट चढू लागते. हा देशाच्या उत्तर-दक्षिण वाहतुकीचा मुख्य मार्ग, त्यामुळे मालगाड्या रात्रभर चालतात. इंजिनात बसलेल्या माणसाचे स्नायू फारसे हलत नाहीत. त्याचं सगळं काम डोळ्यांचं आणि डोक्याचं: पुढचा सिग्नल, वेग, चढ-उतार, ब्रेक. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं घड्याळ सगळ्यात खाली असतं, आणि त्या वेळी मेंदू काही सेकंद परस्पर मिटून घेतो. माणसाला ते कळतही नाही. म्हणून विजेच्या इंजिनात एक यंत्र असतं. मिनिटभर चालकाने काहीच हालचाल केली नाही तर ते आधी दिवा लावतं, मग भोंगा वाजवतं, आणि तरी उत्तर आलं नाही तर गाडीला ब्रेक लावतं. रेल्वेने इथे थकव्याला स्वभावदोष मानलेलं नाही, निसर्गनियम मानून यंत्र बसवलं आहे. माझी तक्रार एवढीच, की या कबुलीचा दुसरा अर्धा भाग अजून अपुरा आहे. पुरेशी सलग विश्रांती आणि लागोपाठच्या रात्रपाळ्यांवर मर्यादा या इंजिनचालकांच्या मागण्या जुन्या आहेत, आणि विज्ञान पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

कारण झोपेच्या बाबतीत थकव्याची भावना स्वतःच फसवी होते. २००३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. अखेरीस त्यांचं लक्ष इतकं घसरलं होतं, की सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांशी तुलना व्हावी. आणि त्यांना विचारलं, तर ते म्हणत होते की थोडीशी झोप येते, एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या १९९७च्या अभ्यासात सतरा तास सलग जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकाच चुकत होता. बोरगावच्या कारखान्यांत पाळी बदलून बदलून काम करणारा तरुण, पहाटे चारला उठून घर आवरून शेतावर निघणारी बाई, रात्री मोटार चालू होईल म्हणून जागत बसलेला शेतकरी, हे सगळे ‘मला सवय आहे’ म्हणतात. सवय होते ती न जाणवण्याची. कमतरता तशीच साठत जाते.

आणि ती साठली की काय होतं ते महाराष्ट्राने ८ मे २०२० रोजी पाहिलं. टाळेबंदीत जालन्यातलं काम बंद पडलेले मध्य प्रदेशचे मजूर, शहडोल आणि उमरियाकडचे, घरी जायला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने रात्रभर चालले. औरंगाबादच्या अलीकडे करमाडजवळ ते टेकले आणि रुळांवरच त्यांना झोप लागली. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. लोक विचारत होते, रुळांवर कुणी झोपतं का? इतक्या चालीनंतर झोपेला अंथरूण लागत नाही, परवानगीही लागत नाही. इंजिनाच्या भोंग्यानेही उघडत नाही असा डोळा फक्त मरणाच्या दमलेल्या माणसाचा लागतो. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांना थकवा म्हणजे काय हे कधी कळलेलं नव्हतं.

बसून केलेल्या कामाने डोकं का थकतं, याचा एक धागा २०२२ साली पॅरिसमध्ये हाती आला. सहा तासांहून अधिक काळ कठीण बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे द्रव्य साठलेलं दिसलं. सोपं काम केलेल्यांच्यात तसं दिसलं नाही. दमलेले लोक निवड करतानाही कमी कष्टाचा, लगेच हाती येणारा लाभ उचलू लागले होते. याचा व्यवहारातला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. संत्र्याचा बहार झाडावरच व्यापाऱ्याला द्यायचा की थांबायचं, कर्जाचं नूतनीकरण कोणत्या अटीवर करायचं, हे निर्णय आपण दिवसभर राबून आल्यावर, रात्री ओट्यावर बसून घेतो. ते सकाळी घ्यावेत. काळजीही असंच डोकं खाते. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पीक हाती येण्याआधी, तंगीच्या दिवसांत, त्याच शेतकऱ्यांनी बुद्धीच्या चाचण्यांत कमी गुण मिळवले आणि सुगीनंतर जास्त. माणूस तोच, डोकं तेच. फळगळ चालू असताना चार महिने छातीवर कर्ज घेऊन फिरणारा बागाईतदार शेतात न जाताही संध्याकाळी गळून गेलेला दिसतो, त्याला कुणी नाटकी म्हणू नये.

गावातला थकलेला माणूस यावर काय करतो? तो सलाईन लावून घेतो. बाटलीत जीवनसत्त्वाची सुई मारली की पाणी पिवळं होतं आणि दर वाढतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी. एका भाकरीतूनही तेवढी शक्ती मिळते. साध्या सलाईनमध्ये तर साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, शक्ती शून्य. तरीही बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. दोन तास आडवं पडायला मिळतं, कुणी हाक मारत नाही, शेजारी कुणीतरी काळजीने बसलेलं असतं. आपल्या गावांत पुष्कळ बायांना दिवसाउजेडी पडून राहण्याची मुभा फक्त हाताला सुई असतानाच मिळते. शेकडो रुपये मोजून त्या विश्रांती विकत घेत असतात, आणि त्यांच्या रक्तातलं लोह मात्र होतं तिथेच राहतं.

काही थकवे विश्रांतीनेही जात नाहीत. ताप आला की प्रतिकारशक्तीचे रासायनिक निरोप मेंदूला जातात आणि मेंदू माणसाला झोपवून ठेवतो. तो आजाराशी लढण्याचाच भाग. कोविडनंतर, चिकुनगुनियानंतर हे निरोप कधीकधी थांबत नाहीत आणि महिनोन्‌महिने अंगात त्राण राहत नाही. थायरॉइड, मधुमेह, ब-१२ची कमतरता, क्षयरोग, उदासीनता यांतही तसंच. आठवडाभर झोप घेऊनही जो थकवा उतरत नाही, त्याला डॉक्टर हवा, सल्ला नको.

थकव्याची साक्ष ऐकली जावी यासाठी आपल्याच माणसांनी पूर्वी लढा दिला आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांच्या मागण्या होत्या आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेला मर्यादा. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे कुणाच्या दयेने झालं नाही. कामगार थकतो आणि थकलेल्या कामगाराचा देह झिजतो, हे मालकाला कायद्याने मान्य करावं लागलं. पण कारखान्याचा तो कायदा शेताच्या धुऱ्यावर थांबतो. किलोच्या दराने वेचणाऱ्या बाईला रविवार नाही, दुपारचा अर्धा तास नाही. ती जितकी बसेल तितकी तिची मजुरी कमी. थकव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला पैसे आणि त्याचं ऐकणाऱ्याला दंड, असा हा दर आहे.

आणि विश्रांतीचं मोल आपल्याला कळत नाही असंही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि लोण्याने शेकले जातात. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, चाबूक उगारायचा नाही, हे शेतकऱ्याच्या घरातलं लहान पोरही जाणतं. जनावर बोलत नाही, तरी त्याचा शीण आपल्या बापजाद्यांनी ओळखला आणि त्याला वर्षातला एक सण दिला. त्याच दिवशी घरातली बाई पहाटेपासून चुलीपुढे पुरण शिजवत असते.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. वेचणीच्या हंगामात दुपारची तासाभराची सुट्टी मजुरीत धरली जावी, किलोचा दर तसा ठरवावा. धुऱ्यावर सावली आणि पिण्याचं पाणी असावं. संध्याकाळी शेतातून नवरा-बायको एकाच वेळी परत आली असतील तर चूल तिने एकटीने पेटवू नये. आणि तिगावसारख्या प्रत्येक गावात पोळ्याच्या सुमारास सगळ्या वेचणाऱ्या बायांचं हिमोग्लोबिन तपासलं जावं. बोटातून थेंबभर रक्त लागतं, दोन-चार मिनिटं लागतात. पोळ्यापासून पहिल्या वेच्यापर्यंत दीड-दोन महिने मिळतात, आणि लोहाच्या गोळ्यांनी रक्त वर यायला साधारण तेवढाच काळ पुरतो. ग्रामपंचायतीने, आशाताईंनी आणि शेतमालकांनी मिळून या वर्षी हे एवढं तरी करावं.